न केलेला फोन

गेल्या हिवाळ्यात एका जुम्याच्या दिवशी दुपारी थोरल्याच्या कॉलेजातून खेळाच्या सरांचा फोन आला. "तुमचा मुलगा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणार नाही. त्याने शिस्त मोडली आहे."

आम्ही लोणी काळभोरचे. मुलाचे वडील इथल्या तेल डेपोवर टँकर चालवतात. मुलगा कबड्डी खेळतो, चढाई चांगली करतो. त्याच जोरावर त्याला आपल्याच समाजातल्या लोकांनी चालवलेल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वसतिगृहात जागाही. प्रवेशाच्या वेळी नियमांचा कागद दिला होता. फजरला हजेरी, इशानंतर बाहेर जायचं नाही, रात्री दहाला मोबाईल जमा, तंबाखू-गुटखा बंद, परवानगीशिवाय बाहेरच्या संघातून खेळायचं नाही. खाली त्याची सही आणि पालक म्हणून माझी. वाचून मला तेव्हा बरंच वाटलं होतं. कडक नियम दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतात, असं आपल्या मनात कुठेतरी असतंच.

झालं असं, की इशाची हजेरी देऊन तो आणि त्याच्या खोलीतला मुलगा भिंतीवरून उतरून शेजारच्या गावात बक्षिसाच्या कबड्डीला गेले. दीड-दीड हजार रुपये मिळाले. फजरला दोघांच्या खाटा रिकाम्या सापडल्या.

माझा पहिला विचार काय होता, ते खरं सांगते. कॉलेजच्या कमिटीत माझ्या मावशीचे दीर आहेत. एक फोन केला असता तर काम झालं असतं. नंबर काढला आणि त्याआधी मुलाला विचारून घ्यावं म्हणून त्याला लावला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मी, त्याच्यासाठी कोण फोन करणार?" खोलीतला तो मुलगा बीडकडचा. आईवडील ऊसतोडीला जातात.

संध्याकाळी हे घरी आले. सगळं ऐकून म्हणाले, "डेपोच्या गेटवर काडेपेटी आणि मोबाईल काढून ठेवावा लागतो. साहेबालाही ठेवावा लागतो, म्हणून आम्ही कुरकुर न करता ठेवतो. एका माणसाला सूट दिली तर उद्या तो नियम कोण पाळेल?"

मला मखजूम घराण्यातल्या त्या बाईचा प्रसंग आठवला. लहानपणापासून ऐकलेला. घराणं मोठं, बाई चोरीत सापडली. लोकांनी प्रेषितांच्या (सल्ल.) लाडक्या ह. उसामा (रजि.) यांना रदबदलीसाठी पाठवलं. प्रेषितांना (सल्ल.) ते मुळीच आवडलं नाही. प्रतिष्ठिताला सोडायचं आणि दुबळ्याला शिक्षा द्यायची, यानेच आधीच्या लोकांचा नाश झाला, असं त्यांनी सुनावलं. स्वतःच्या लेकीलाही त्यातून वगळलं नाही. हा प्रसंग मी मुलांना कितीदा सांगितला आहे, आणि त्या दुपारी माझ्याच हातात रदबदलीचा फोन होता.

तो फोन मी केला नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉलेजात गेलो, कारण एक गोष्ट मला खटकत होती. खेळण्यावर बंदी होतीच, शिवाय दोघांची नावं फलकावर लावली होती आणि त्यांना सरावालाही येऊ देत नव्हते. आम्ही प्राचार्यांना म्हटलं, "शिक्षा दोघांना सारखीच राहू द्या, कमी करू नका. पण चारचौघांत बेअब्रू कशाला? आणि सरावाला उभंच केलं नाही तर मुलं सुधारून परत येणार कुठे?"

खेळाच्या सरांनी तेव्हा अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. तिथे मॉर्मन पंथाचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. दारू, तंबाखू तर सोडाच, चहा-कॉफीही तिथे चालत नाही आणि लग्नाआधी शरीरसंबंधांना मनाई आहे. त्यांचे संघ रविवारी सामना खेळत नाहीत. २०११ च्या मार्चमध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. ऐन मोक्याला ब्रँडन डेव्हिस या बिनीच्या खेळाडूने नियम मोडला, म्हणून त्याला संघाबाहेर काढलं. पुढचाच सामना संघ घरच्या मैदानावर हरला. तरी निर्णय बदलला नाही. मात्र त्याला कायमचं हाकललंही नाही, पुढच्या मोसमात तो परत त्याच संघातून खेळला. अलीकडे, २०२३-२४ च्या मोसमात, अली खलिफा हा इजिप्तचा मुसलमान तरुण त्याच संघात होता आणि रमजानमध्ये रोजे ठेवून खेळत होता.

हकिकत सांगता सांगता सर स्वतःच थांबले आणि प्राचार्यांकडे पाहू लागले. सरावाची परवानगी मिळाली. नावं मात्र आठवडाभर फलकावर राहिली. याचं वाईट मला आजही वाटतं. तौबा करणाऱ्याच्या चुकीवर अल्लाह पडदा टाकतो, मग आपण ती फलकावर का टांगावी?

सामन्याच्या दिवशी आमचा मुलगा आणि बीडचा मुलगा रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. संघ सात गुणांनी हरला. रात्री फोनवर रडला, पण कोणाला दोष दिला नाही. बक्षिसाचे पैसे दोघांनी वसतिगृहाच्या जेवणघरात देऊन टाकले, हे मला नंतर सरांकडून कळलं.

यंदा दोघंही संघात आहेत. नियमांचा कागद पुन्हा आला. या वेळी मी तो मुलासोबत बसून ओळ न् ओळ वाचला, मगच सही केली.