बार्बेरियनचे दोन गुण

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एक चमत्कारिक नियम आहे. पात्राला जी भाषा बोलता येते, ती लिहिता-वाचताही येते. अपवाद फक्त 'बार्बेरियन' या रानटी योद्ध्याचा. त्यानेही दोन कौशल्यगुण खर्चले, की बोलता येणाऱ्या साऱ्या भाषांची अक्षरे त्याला एकदम वश होतात!

सम्राट शार्लमेनचे असे झाले नाही. त्याचा चरित्रकार आइनहार्ट सांगतो, की तो लॅटिन सहज बोले; पण उशाखाली पाट्या ठेवून गिरवूनही उतारवयात त्याचा हात वळला नाही.

त्याच नियमपुस्तकातील भाषांचा तक्ता मात्र मला शहाणा वाटतो. तेथे भाषा आणि लिपी यांचे रकाने वेगळे आहेत. ऑर्क आणि गॉब्लिन आपापल्या भाषा ड्वार्फांच्या लिपीत लिहितात. ही अक्षरे त्यांच्याकडे व्यापारातून आली की दास्यातून, हे तक्ता सांगत नाही. माझे कुतूहल नेमके तिथेच अडते.

आमच्या घरी पणजोबांच्या काळचा एक मोडी कागद आहे. भाषा मराठीच. गेल्या वर्षी आजीने तो माझ्यापुढे उलगडला. "इतिहास शिकतेस ना? वाच बघू." मला वरचा 'श्री' तेवढा लागला. आजी काही बोलली नाही. तिने कागद पुन्हा घडी घालून ठेवला.

पुढच्या खेळात मी बार्बेरियन निवडली. तिचे दोन गुण अजून राखून ठेवले आहेत. मोडीच्या वर्गात मात्र नाव घातले. सध्या 'र' ओळखू येतो, तोही दर वेळी नाही.