शिरसाच्या फळ्या

१८ मे २०२३
रात्रीच्या वादळात बांधावरचा शिरीष आडवा झाला. मुळं वर. सरपणवाला सकाळीच दारात. भाव विचारून गेला. देणार नाही.

१९ मे
पुण्याहून लेकीचा फोन. जेवणाचं टेबल घ्यायचंय, 'अमेरिकन ब्लॅक वॉलनट'चं. फोटो पाठवला. गर्द तपकिरी, काळसर रेघा. किंमत ऐकून गप्प बसलो.

२३ मे
खामगाव, आरा मशीन. ओंडका उघडला. आत तपकिरी गाभा, काळपट पट्टे. भोवती चार बोटं पांढरट भाग. लेकीच्या फोटोतलाच रंग.
भुसा उडाला तसे सगळेच शिंकायला लागले. शिरसाची धूळ नाकाला झोंबते. रुमाल बांधला.

२५ मे
फळ्या गोठ्यात रचल्या. मधे सारख्या पट्ट्या, टोकांना शेण. टोकं आधी वाळली तर फळी तडकते. इंचाला वर्ष, हा जुना हिशोब. फळ्या दीड इंची.

२ ऑगस्ट
फळ्यांखाली बारीक भुसा. पांढऱ्या भागाला भुंगा. गाभ्याला एकही भोक नाही.

११ नोव्हेंबर
लेकीचा ब्लॅक वॉलनट, म्हणजे काळा अक्रोड, वाळल्यावर घनफुटाला साधारण १७ किलो. शिरीषही जवळपास तेवढाच. परदेशी बाजारात तो 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणूनच विकला गेलाय. पण काळ्या अक्रोडाच्या मुळांतून जुग्लोन नावाचं विष झिरपतं, शेजारी टोमॅटो जळतो. शिरीष शेंगावर्गातला, जमिनीला नत्र देतो. पाला शेळ्या खातात. बांधावर कोण हवं, हे सांगायला नको.

३ फेब्रुवारी २०२४
लेकीला सांगितलं, टेबल शिरसाचं करू. "शिरस? बाबा, ते जळण ना?"

६ डिसेंबर
मिस्त्री आले. फळीवर नख ओढून पाहिलं.
"भाऊ, अंजन असता तं गोठ निराळी. शिरसाचा टेबल कोन करते?"
अंजन १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत. परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय अंजनावर पटाशी चालवताना मिस्त्रींनीच शिव्या दिल्या असत्या.

७ डिसेंबर
रंधा हातभर गुळगुळीत जातो, पुढे त्याच फळीवर चिरफळ्या उपटतो. रेषा थराथराने उलट फिरलेल्या. मिस्त्रींनी पातं पुन्हा पाजवलं, जेमतेम बाहेर ठेवलं, रंधा तिरका धरला. मग कागदासारखा पातळ छिलका निघाला. दुपारभर एकच फळी.

९ डिसेंबर
पांढरा भाग सगळा कापायला लावला. रुंदी घटली. मिस्त्रींची कुरकुर.

१४ डिसेंबर
कुसू घट्ट बसले. खिळा एकही नाही. जवसाचं तेल चोळलं, रेघा वर आल्या. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले.
"कोनाले सांगू नका. भाव वाढंल."

१७ डिसेंबर
टेबल पुण्याला रवाना. शिरीष घरातल्या सामानाला उत्तम, मातीत पुरायच्या खांबाला नको. बांधावर पडला तर सरपणवाल्याला हो म्हणायच्या आधी एक काप मारून गाभा बघा.