जिवंत माती

अमेरिकेतील युटा राज्याच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात आम्ही तंबूत मुक्काम केला. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल-केशरी झालेल्या वालुकाश्माच्या येथे २००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. सूर्यास्तापूर्वी चौविहार केला, पहाटे सामायिक आटोपून डेव्हिल्स गार्डनच्या पायवाटेला लागलो.

सुमारे ९० मीटर लांबीच्या लँडस्केप कमानीचे छायाचित्र घेण्यासाठी मी वाट सोडून पाऊल उचलले, तोच नातीने हात धरला. “आजोबा, ती काळपट माती जिवंत आहे!” सूक्ष्मजीव, दगडफूल व शेवाळ यांचा तो थर वाळू धरून ठेवतो, पावलाखाली मोडला तर सावरायला अनेक वर्षे लागतात.

ईर्यासमितीचा अर्थ मीच तिला शिकविला होता. त्या दिवशी तो तिने मला दाखविला. पाऊल मागे घेत मी मनोमन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले.