सरासरीचा पाऊस आणि आपले खाचर

"यंदा पाऊस सरासरीइतका" असे रेडिओवर सांगितले, की मार्गासनीत मला हमखास विचारतात, "साहेब, मग लावणी कधी धरायची?" त्या बातमीत याचे उत्तर नसते. जून ते सप्टेंबरात साऱ्या देशाचा पाऊस सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पडला, की हवामान खाते त्याला सरासरीइतका म्हणते. आपल्याकडे घाटमाथ्याकडून नसरापूरकडे उतरत गेले की पाऊस झपाट्याने कमी होतो. वर चिखलणी चालू असताना पुष्कळदा खाली रोपे सुकत असतात. खाते खोटे बोलत नाही; त्याने आपल्या खाचराबद्दल काही सांगितलेलेच नसते.

म्हातारी माणसे मुंग्यांची अंडी आणि नक्षत्राचे वाहन बघतात. मी त्यांना हसत नाही. पण बेडूक वाहन खरे ठरले ते साल वीस वर्षे सांगतात, खोटे ठरले ते श्रावणातच विसरतात. वहीत दोन्ही राहतात. सपाट बुडाचे, उभ्या कडांचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा. १ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर.

तरी उद्याचे कळत नाहीच. म्हणून इंद्रायणीचे सगळे बी एका दिवशी टाकू नका; ८-१० दिवसांच्या अंतराने दोन वाफे करा. पाऊस दडला आणि पहिली रोपे महिन्यावर गेली, तर त्यांना फुटवे कमी येतात. दुसरा वाफा तेव्हा लावणीला आलेला असतो. दोन वाफ्यांना राखण दुप्पट लागते, ही घरातल्या बायकांची तक्रार मात्र खरी आहे.