घरचें जनित्र

उन्हाळ्याच्या अखेरीस अजिंठ्याच्या रांगेवरून ढग उतरूं लागले कीं आतां वीज जाणार, हें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत लहान मुलेंहि सांगतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत निदान वेळापत्रक असे. वादळाला तें नसतें. एरवीं आम्हीं दिवे गेल्याचें दुःख फारसें मानलें नसतें. परंतु काकूंना रात्रंदिवस प्राणवायूचें यंत्र लागूं लागलें आणि इन्व्हर्टरचा आधार दोन तासांतच संपूं लागला, तेव्हां जनित्र, म्हणजे व्यवहारांतला जनरेटर, घेणें भाग पडलें.

प्राणवायूच्या यंत्रास सुमारें ३५० वॉट लागतात. त्यावर एक पंखा व चार दिवे. बोअरची मोटार मात्र आम्हीं यादींतून काढून टाकली. ती सुरू होतांना नेहमींच्या पांचसहा पट प्रवाह ओढते. तिच्यासाठीं मोठें यंत्र घेण्यापेक्षां टांकी आधींच भरून ठेवणें बरें.

जोडणीसाठीं आलेल्या मिस्त्रीनें दोन्ही टोकांस पिना असलेली एक वायर पुढें केली. एक टोक जनित्रांत व दुसरें भिंतींतल्या सॉकेटांत खुपसलें कीं सारें घर उजळतें. “चेंजओव्हरचा खर्च कायले करता साहेब? मेन स्विच पाडा, झालं काम.” मनुष्य हुशार होता, पण हें म्हणणें आम्हांस मान्य झालें नाहीं. अंधारांत, घाईंत, कोणाच्या हातून मेन स्विच पाडावयाचा राहिला तर आपली वीज उलट बाहेरच्या तारांवर जाते. कोपऱ्यावरची डीपी ११,००० व्होल्टांची वीज उतरवून आपणांस २३० व्होल्टांची देते. उलट बाजूनें २३० आली तर तीच डीपी तिला हजारोंवर चढविते. आणि त्या वेळीं खांबावर कोण असतो? आमच्याच तक्रारीवरून भर पावसांत आलेला वायरमन, तार मेलेली आहे असें समजून तिला हात घालणारा. शिवाय ती वायर सॉकेटांतून निसटली तर तिच्या उघड्या पिना जिवंत असतात, हें निराळेंच. आम्हीं परवानाधारक ठेकेदाराकडून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर बसवून घेतला. त्याचा दांडा एक तर सरकारी विजेकडे असतो, नाहीं तर जनित्राकडे. दोहोंकडे एकाच वेळीं राहूंच शकत नाहीं. अर्थिंगहि नवें केलें. आमची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून त्या खड्ड्यांत फाल्गुनापासूनच पाणी घालावें लागतें.

जागेविषयीं मात्र घरांतच वाद झाला. “अरे, पडवींतच ठेव, बाहेरून कोणी उचलून नेईल,” असें काकूंचें म्हणणें. पण धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्ताशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें बिलगतो. ज्यांच्या श्वासासाठीं हा सारा खटाटोप, त्यांच्याच उशाशीं तो नेऊन ठेवावयाचा! खिडक्या उघड्या टाकून भागत नाहीं. शेवटीं परसांत, घरापासून २० फुटांवर, चारी बाजूंनीं मोकळ्या पत्र्याखालीं, धुराचें तोंड घराकडे पाठ करून यंत्र ठेवलें, आणि चोरांसाठीं कडुनिंबाला साखळदंड घातला. प्राणवायूजवळ ज्योत नको म्हणून काकूंची समई याच सुमारास शेजारच्या खोलींत गेली. ती गोष्ट त्यांना साखळदंडाहूनहि अधिक लागली.

सुरू करण्याचा क्रम चिरंजीवांनीं मोठ्या अक्षरांत लिहून दांड्याशेजारीं चिकटविला आहे. आधीं तेल पाहावें. चेंजओव्हर मधल्या खुणेवर आणावा. भार न घालतां यंत्र सुरू करून दोनतीन मिनिटें चालूं द्यावें. मग दांडा फिरवावा आणि एकेक वस्तु लावावी. तोंवर काकूंचें यंत्र इन्व्हर्टरवर असतें. बंद करतांना आधीं भार काढावा. पेट्रोल मात्र यंत्र थंड झाल्याखेरीज घालूं नये. तापल्या नळीवर चार थेंब सांडले तरी पेट घेतात.

पेट्रोल पडून राहिलें कीं बिघडतें, म्हणून दर अमावास्येस पंधरा मिनिटें यंत्र भारावर चालवितों. त्या दिवशीं काकू खिडकीशीं घड्याळ घेऊन बसतात आणि चौदाव्या मिनिटास कोणी बंद करूं लागला तर हाक मारतात.