तारेचे सौंदर्यशास्त्र

ध्वनीवरचा पडदा सरला, दोन स्वरांमधली शांतता अधिक गडद झाली, अशा धाटणीची वर्णने कवितासंग्रहाच्या परीक्षणातली वाटावीत. प्रत्यक्षात ती असतात स्पीकरला जोडायच्या तारेची. स्पीकरचा विद्युतरोध साधारण चार ते आठ ओहम. पुरेशा जाड, आठ-दहा फुटी तांब्याच्या तारेचा त्यापुढे नगण्य. तिथे पडदा कुठला आणि सरणार काय?

२००७ साली जेम्स रँडी या जादूगार-चिकित्सकाने दहा लाख डॉलर पणाला लावले : ७,२५० डॉलरची 'पेअर आंजू' तार आणि बाजारातली एक बरी तार यांतला फरक, जोडणी न पाहता, केवळ कानाने ओळखून दाखवा. मायकेल फ्रेमर या समीक्षकाने आव्हान स्वीकारले. तारेच्या कंपनीने मात्र अंग काढून घेतले. चाचणी झालीच नाही. (१९९०च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरवी शाई फासणारे रसिकही होते, वाचणारा लेसर अवरक्त, हे त्यांच्या गावीही नव्हते.)

ऐकणारा खोटे बोलतो असे मला वाटत नाही. किंमत ठाऊक असली की कान ती ऐकतोच. मला अस्वस्थ करतात ती विशेषणे, कारण 'तरल', 'संपृक्त' यांवर माझीही रोजीरोटी चालते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांतला गोंधळ १९२९च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये छापला. यंदा एम. ए.च्या वर्गात मीही नावे झाकून पाच कविता वाटणार आहे. पाचही नामवंतांच्या नसतील.