ढलपीचा चमचा

वेल्समध्ये लाकडी प्रेमचमचे विकणाऱ्या दुकानांत एक गोष्ट हमखास ऐकवतात. इंग्रजीत प्रेमिकांनी एकमेकांना बिलगून लाडीगोडी करत बसण्याला पूर्वी ‘स्पूनिंग’ म्हणत, ते म्हणे या चमच्यांवरूनच आलं. जुन्या काळी पोरगा रात्री शेकोटीशी बसून चमचा कोरायचा आणि आवडत्या पोरीला द्यायचा. मी स्वतः हे चमचे कोरते, तेव्हा गोष्ट खरी असती तर मला आवडलंच असतं. पण शब्दाची वाट वेगळी दिसते.

चमचे जुने आहेत. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात १६६७ सालचा एक आहे. क्रियापद मात्र एकोणिसाव्या शतकातलं. त्याच्या थोडं आधी इंग्रजी बोलीत ‘स्पून’ म्हणजे बावळट माणूस. त्यावरून ‘स्पूनी’, म्हणजे प्रेमात खुळावलेला, आणि मग त्याने करायचं ते स्पूनिंग. पुढे अमेरिकन गाणेवाल्यांना मून, जून, स्पून असं आयतं यमक सापडलं (१९०९चं ‘बाय द लाइट ऑफ द सिल्व्हरी मून’ त्यातलंच) आणि त्यांनी ते पार चोथा होईपर्यंत चघळलं.

मला कोशापेक्षा हातातलं काम जास्त पटतं. चमच्याला कोरलेल्या साखळीचंच घ्या. चौकोनी दांड्याच्या चारही कडा लांबीभर कापून काढायच्या, म्हणजे टोकाकडून तो अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. एक कडी उभ्या पट्टीत आखायची, पुढची आडव्या पट्टीत, पहिलीत अर्धी अडकलेली. मग मधलं लाकूड सुरीच्या टोकाने कणाकणाने खरवडायचं. कडीच्या दोन्ही टोकांना लाकडाची रेषा आखूड पडते. तिथे जरा जोर झाला की कट्‌कन तुटते, आणि एक तुटली की सगळी साखळी गेली. सिकॅमोरचं लाकूड ओलं असताना लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून घाई करावीशी वाटते. तीच नडते. हे काम प्रेमात खुळावलेल्याचं नव्हे! पोराच्या हाताला वळण आहे का, हे मुलीच्या बापाला चमच्यावरून कळायचं म्हणतात, ते मला जास्त खरं वाटतं.

‘स्पून’ शब्दाच्या मुळाशी मात्र एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्पोन’ म्हणजे ढलपी, लाकडाची छिलकी. जेवणाचा चमचा हा अर्थ मागाहून आला. म्हणजे मी दिवसभर जे झाडून टाकते, तोच मूळचा चमचा.

चमच्यांवरच्या चिन्हांचे अर्थही दुकानदार पाठ म्हणून दाखवतात: चाक म्हणजे तुझ्यासाठी राबेन, पिंजऱ्यातले गोळे म्हणजे होणारी मुलं. यातलं बरंचसं गिऱ्हाइकासाठी नंतर पक्कं झालं असावं, असा माझा संशय आहे. तरी लग्नाचा चमचा मागणाऱ्याला मी विचारतेच, गोळे किती घालू? परवा एक नवरी म्हणाली, गोळे राहू द्या, साखळी लांब करा. साखळीचं काम जास्त पडतं, हे तिला सांगावं लागलं.